कुणाच्या सापेक्ष? सापेक्ष गतीची गणितं पहिल्यांदा सोडवणाऱ्यांसाठी

दादरला आपली लोकल उभी असते. खिडकीपलीकडच्या रुळावरही एक लोकल उभी. अचानक वाटतं, सुटली आपली. पाय आपोआप रोवले जातात, हात वरच्या कडीकडे जातो. मग दुसऱ्या बाजूला बघावं तर प्लॅटफॉर्मवरचा वडापावचा स्टॉल जागच्या जागी, आणि स्टॉलसमोरचा माणूस निवांत मिरचीचं देठ तोडतोय. सुटलेली असते ती पलीकडची.

डोळ्यांनी बिचाऱ्यांनी एवढंच सांगितलेलं असतं की दोन गाड्यांमधलं अंतर बदलतंय. ‘म्हणजे आपण हललो’ हे मनानं वरून जोडलेलं. सापेक्ष गतीच्या धड्यात मार्क जातात ते बहुतेक असल्याच वरून जोडलेल्या गोष्टींपायी. अकरावीत माझेही गेले होते. आमचे सर चुकीच्या उत्तरावर काट मारायचे नाहीत, लाल पेनानं समासात दोनच शब्द लिहायचे: ‘कुणाच्या सापेक्ष?’ तेव्हा चीड यायची. आता मी शिकवणीत मुलांच्या वह्यांवर तेच लिहितो.

पायरी १: आधी उभं कुठं राहायचं ते ठरवा

‘संदर्भ चौकट’ हा शब्द ऐकायला जड आहे, पण त्यात तीनच गोष्टी येतात: उभं राहायला एक जागा, तिथून अंतरं मोजायला पट्ट्या (कुठली दिशा धन आणि कुठली ऋण हे ठरवून), आणि एक घड्याळ. जमीन ही एक चौकट. लोकलचा डबा ही दुसरी. वाहतं पाणी हीसुद्धा चौकट होऊ शकते, तिथं कुणी माणूस बसलेला असलाच पाहिजे असं नाही.

रोजच्या बोलण्यात आपण चौकट गाळून टाकतो. ‘गाडी साठनं चालली होती’ म्हणजे रस्त्याच्या सापेक्ष साठनं. डॅशबोर्डवर चिकटवलेल्या गणपतीच्या सापेक्ष तीच गाडी शून्यावर असते. कुणी विचारेल, मग खरा वेग कोणता? मुंबईत खुर्चीवर बसलेला माणूस पृथ्वीच्या अक्षाभोवती ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं फिरतोय आणि सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. यातला कुठलाच ‘जास्त खरा’ नाही. गणिताच्या पहिल्या ओळीत ‘मी जमिनीवर उभा आहे’ किंवा ‘मी पाण्यावर आहे’ असं मराठीत लिहून टाका. त्याला मार्क मिळणार नाहीत, पण पुढचे वाचतील.

पायरी २: वेगाला जोडनाव द्या

नुसतं ‘वेग ५’ लिहायचं नाही. प्रत्येक वेगाला दोन नावं द्यायची: आधी कुणाचा, मग कुणाच्या सापेक्ष. होडी-पाणी म्हणजे पाण्याच्या सापेक्ष होडीचा वेग. पाणी-काठ म्हणजे काठावरून दिसणारा पाण्याचा वेग. जोडनाव उलटं केलं की चिन्ह उलटतं: मी-जमीन जर +४८ असेल, तर जमीन-मी −४८. धावत्या गाडीतून झाडं मागं पळताना दिसतात ते हेच.

आणि वेग म्हणजे नुसती चाल नव्हे, त्याला दिशा असते. सरळ रेषेतल्या गणितात दिशेचं काम अधिक-उणे चिन्हं करतात. वाकड्यातिकड्या गणितात बाण काढावे लागतात, त्याकडे पुढं येऊच.

पायरी ३: अंताक्षरी खेळा

सगळा धडा या एका नियमावर उभा आहे. अंताक्षरीत जसं आधीचं गाणं ज्या अक्षरावर संपतं तिथून पुढचं सुरू होतं, तसं एक जोडनाव जिथं संपतं तिथून पुढचं सुरू झालं पाहिजे. मग मधलं नाव गळतं:

होडी-काठ = होडी-पाणी + पाणी-काठ

‘पाणी’ दोघांच्या मध्ये आलं आणि गळालं. जोडण्या जुळत नसतील तर समजायचं की बेरीज चुकीची मांडली आहे, किंवा एखादं जोडनाव उलटवायचं राहिलंय. ‘समोरासमोर आले की बेरीज, एका दिशेनं गेले की वजाबाकी’ असा पाठांतराचा नियम क्लासमध्ये सांगतात, तो मला आवडत नाही. सरळ रेषेत तो चालतो. पावसात आणि नदीत आडवा येतो.

लोकलवर करून बघू. तुम्ही उत्तरेकडं ताशी ४८ किलोमीटरनं जाताय, बाजूच्या रुळावरून दक्षिणेकडं ६० नं दुसरी लोकल येतेय. उत्तर धन धरली.

दुसरी-मी = दुसरी-जमीन + जमीन-मी = (−६०) + (−४८) = −१०८

ताशी १०८ म्हणजे सेकंदाला ३० मीटर. (३.६ नं भागायचं, हे हातवळणी पडलं पाहिजे.) बारा डब्यांची लोकल साधारण २५० मीटर लांब धरा. तुमच्या खिडकीसमोरून ती जायला २५० ÷ ३०, म्हणजे सुमारे ८.३ सेकंद लागतील.

बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांमध्ये इथंच मेख असते. ‘प्रवाशाला दिसलेली गाडी किती वेळात गेली’ असं विचारलं तर फक्त समोरच्या गाडीची लांबी घ्यायची. ‘दोन गाड्यांनी एकमेकींना किती वेळात ओलांडलं’ असं विचारलं तर दोन्ही लांब्या: ५०० ÷ ३०, सुमारे १६.७ सेकंद. खिडकीतला माणूस हा एक बिंदू आहे, त्याची गाडी बिंदू नाही.

आता दुसरी लोकल तुमच्याच दिशेनं ६० नं जाणारी फास्ट आहे असं समजा. दुसरी-मी = ६० − ४८ = १२, सेकंदाला ३.३३ मीटर. तुमच्या खिडकीसमोरून ती पूर्ण सरकायला ७५ सेकंद लागतील आणि तेवढ्यात तुमची स्लो लोकलही एक किलोमीटर पुढं गेलेली असेल. म्हणून तर दारातले लोक शेजारच्या गाडीतल्या ओळखीच्या माणसाशी दोन वाक्यं बोलू शकतात. समोरून येणाऱ्या गाडीतला माणूस चेहरा कळायच्या आत निघून जातो.

ओव्हरटेक: हे गणित रस्त्यावर चुकलं तर वही वाचवत नाही

दुभाजक नसलेला दुपदरी रस्ता. पुढं ट्रक, ताशी ५४ नं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. तुमची कार ७२ नं, म्हणजे २०. समोरून एसटी येतेय, तीही ७२ नं. ट्रकला मागं टाकायचं तर किती रस्ता मोकळा हवा?

आधी ट्रकवर उभे राहा. कार-ट्रक = २० − १५ = ५ मीटर प्रति सेकंद. म्हणजे ट्रकच्या चौकटीत तुम्ही जोरात धावणाऱ्या माणसाइतक्याच वेगानं सरकताय. पार करायचं अंतर किती? ट्रकमागं २० मीटरवर आहात, ट्रक १० मीटर, तुमची कार ४ मीटर, आणि पुढं जाऊन डावीकडं घुसण्याआधी १६ मीटर मोकळे हवेत. झाले ५० मीटर. ५० ÷ ५ = १० सेकंद.

आता जमिनीवर या. त्या १० सेकंदांत तुम्ही २०० मीटर रस्ता खाल्ला आणि समोरच्या एसटीनंही २०० मीटर खाल्ला. म्हणजे ओव्हरटेक सुरू करताना एसटी निदान ४०० मीटर लांब हवी.

पडताळा तुमच्या स्वतःच्या चौकटीत घ्या. एसटी-कार = ४० मीटर प्रति सेकंद. १० सेकंद × ४० = ४०० मीटर. तेच उत्तर आलं, आणि ते येणारच: दोन गाड्या समोरासमोर भिडल्या की नाही, ही घटना कुठल्याही चौकटीतून पाहिली तरी तीच राहते. वेग बदलतात, रस्त्यावरची घटना बदलत नाही. गणित दोन चौकटींतून सोडवून उत्तर जुळवून पाहणं हा मला माहीत असलेला सगळ्यात भरवशाचा ताळा आहे.

आणि हे ४०० मीटर अगदी काठावरचे. डोळा गंडतो तो इथं, कारण ट्रक शेजारी असल्यामुळं आपल्या लेखी आपण ‘हळूहळू पुढं सरकत’ असतो आणि समोरून येणारं वाहन त्याच्या आठपट वेगानं अंगावर येत असतं.

पायरी ४: दिशा वेगळ्या असतील तर बाण काढा

पाऊस सरळ खाली पडतोय. तुम्ही स्कूटीवर ३६ नं, म्हणजे सेकंदाला १० मीटरनं चाललाय. मोठे थेंब सेकंदाला साधारण ८ मीटरनं पडतात असं धरू.

पाऊस-मी = पाऊस-जमीन + जमीन-मी

पहिला बाण खाली, ८ लांबीचा. दुसरा बाण मागच्या दिशेला, १० लांबीचा. पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याचं शेपूट लावा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जी रेघ निघेल तो तुम्हाला लागणारा पाऊस: उभ्या रेषेपासून सुमारे ५१ अंश कललेला, वेग जवळपास १२.८. सिग्नलला थांबलात की तोच पाऊस पुन्हा सरळ डोक्यावर.

रिमझिम मात्र आणखी त्रास देते. बारीक थेंब सेकंदाला २ मीटरच्या आसपासच पडतात. त्याच वेगानं स्कूटी चालवली तर कल होतो सुमारे ७९ अंश, म्हणजे पाऊस जवळजवळ आडवा. हेल्मेटची काच अर्धी उघडी ठेवणाऱ्यांना रिमझिम जास्त का झोंबते ते यात आलं. चालताना मात्र, सेकंदाला दीड मीटरच्या आतबाहेर, मोठ्या पावसात छत्री जेमतेम दहा अंश पुढं कलवली तरी पुरते. त्याहून जास्त कलवणारे मागून भिजतात.

नदीचंही तसंच, फक्त तिथं दोन वेगळे प्रश्न असतात आणि मुलं त्यांची सरमिसळ करतात. पात्र २०० मीटर, होडी पाण्यात ताशी ५ किलोमीटरनं जाते, प्रवाह ताशी ३. लवकरात लवकर पलीकडं जायचं असेल तर नाळ (होडीचं पुढचं टोक) सरळ समोर धरा. पाणी तुम्हाला खाली ओढेल, पण पलीकडं जायच्या वेगाला ते हात लावत नाही. वेळ २.४ मिनिटं, आणि तुम्ही १२० मीटर खाली लागाल. बरोबर समोरच्या धक्क्यालाच लागायचं असेल तर नाळ प्रवाहाविरुद्ध सुमारे ३७ अंश वळवा. मग ५ पैकी ३ प्रवाहाला तोंड देण्यात जातात, पलीकडं जायला ४ उरतात (३-४-५ चा काटकोन त्रिकोण), वेळ ३ मिनिटं. प्रवाह होडीपेक्षा जोरात असेल तर समोरच्या धक्क्याला लागणं शक्यच नाही, कितीही वळवा. खाडीतले होडीवाले म्हणून ओहोटीच्या जोराला आधी वर जातात आणि मग सोडतात. त्रिकोण त्यांनी काढलेला नसतो, हातात असतो.

पायरी ५: अडलात तर चौकट बदला

हे कौशल्य उशिरा येतं. एक गणित सांगतो. होडी प्रवाहाविरुद्ध चालली आहे. पुलाखालून जाताना होडीतला एक नारळ पाण्यात पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही. १५ मिनिटांनी लक्षात आलं, होडी तत्काळ फिरवली, वल्ही मारायचा जोर तोच ठेवला. नारळ सापडला पुलापासून १ किलोमीटर खाली. प्रवाहाचा वेग किती?

काठावर उभे राहून सोडवायला गेलात तर दोन अज्ञात, तीन समीकरणं, अर्धं पान. त्यापेक्षा नारळावर बसा. पाणी नारळासकट वाहतंय, म्हणजे पाण्याच्या चौकटीत नारळ स्थिर आहे. होडी त्याच्यापासून १५ मिनिटं लांब गेली, तेवढ्याच वेगानं परत फिरली. परत यायला? १५ मिनिटंच. एकूण अर्धा तास. अर्ध्या तासात नारळ १ किलोमीटर वाहिला, म्हणजे प्रवाह ताशी २ किलोमीटर. होडीचा वेग लागलाच नाही!

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. गणितात जे निवांत बसलेलं असेल, किंवा ज्याच्याबरोबर दोन-तीन गोष्टी वाहत असतील, तिथं जाऊन उभं राहायचं, एवढीच युक्ती.

कुठल्या चौकटीत न्यूटन चालतो?

आत्तापर्यंत एकसमान वेगाच्या चौकटी होत्या. धावत्या लोकलमध्ये (धक्का नसताना) नाणं वर उडवलं तर सरळ हातात येतं. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला त्याच नाण्याची कमान दिसते. दोघांचेही हिशेब न्यूटनच्या नियमांनी सुटतात. गॅलिलिओनं १६३२ मध्ये हेच जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन मांडलं: आत फुलपाखरं उडताहेत, भांड्यात मासे पोहताहेत, वरून पाणी ठिबकतंय, जहाज संथपणे एकाच वेगानं चालत असेल तर या कशावरूनही ते उभं आहे की चाललंय हे सांगता येणार नाही.

हे खिशातल्या मोबाइलवर तपासता येतं. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं. त्यात गुरुत्व वगळून त्वरण (वेग बदलण्याचा दर) दाखवणारा प्रयोग निवडा. एकट्यानं गाडी चालवताना हा उद्योग करू नका, शेजारच्या सीटवर बसा. सरळ, चांगल्या रस्त्यावर गाडी एका वेगानं चालली की जीपीएस ८० दाखवतं आणि त्वरणाचा आलेख शून्याभोवती थरथरत राहतो. एकाच फोनमधली दोन यंत्रं. जीपीएसला बाहेरच्या उपग्रहांचा आधार आहे म्हणून त्याला वेग कळतो. आतल्या आत मोजणाऱ्या सेन्सरला ८० आणि ० यांतला फरक कळत नाही. ब्रेक लागला की मात्र आलेख लगेच उसळतो.

ब्रेक मारणारी बस, वळणारी गाडी, सुटणारी लिफ्ट या त्वरण असलेल्या, म्हणजे अजडत्वीय चौकटी. तिथं बसून न्यूटन वापरायचा तर एक आभासी बल जोडावं लागतं, चौकटीच्या त्वरणाच्या उलट दिशेनं, वस्तुमान गुणिले त्वरण एवढं. ६० किलोचा माणूस वर जाऊ लागलेल्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा असेल आणि लिफ्टचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदानं वाढत असेल, तर काटा सुमारे ६६ दाखवेल. लिफ्टनं एकदा वेग पकडला की पुन्हा ६०. जमिनीवर उभं राहून गणित मांडणार असाल तर आभासी बल अजिबात घ्यायचं नाही. अर्धं गणित लिफ्टमध्ये आणि अर्धं जमिनीवर केलं की ते बल दोनदा धरलं जातं किंवा सुटतं. वह्यांमध्ये मला सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच आहे.

घाटात गाडी उजवीकडं वळली की आपण डावीकडं फेकले जातो, त्याला अपकेंद्री बल म्हणतात. रस्त्यावरच्या माणसाला ते बल दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की तुम्ही सरळ जायला बघताय आणि दार तुम्हाला आत ढकलतंय.

मग पृथ्वी? तीही फिरतेच, म्हणजे काटेकोरपणे तीही अजडत्वीय. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये होडीचाच दाखला दिला होता: पुढं जाणाऱ्या होडीतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागं जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडं जाताना दिसतात. म्हणजे झाड-मी आणि मी-झाड हेच, फक्त झाडाच्या जागी आकाश. पृथ्वीचं हे फिरणं डोळ्यांनी बघायचं तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या इमारतीत फूकोचा लंबक, म्हणजे लांब दोरीला टांगलेला जड गोळा, आहे. त्याच्या झोक्याची दिशा संथपणे वळत जाते. पुण्याच्या अक्षांशावर पूर्ण फेरा व्हायला सुमारे ७५ तास लागतात. ध्रुवावर तोच एका दिवसात होईल, विषुववृत्तावर कधीच नाही. तिथल्याच ‘कुंड’ म्हणतात त्या अंगणात आर्यभट आणि गॅलिलिओ या दोघांचे पुतळे आहेत. होडीवाला आणि जहाजवाला एकाच अंगणात. शाळेच्या गणितांत मात्र काही सेकंदांचा मामला असतो, तेवढ्यापुरती जमीन बिनधास्त जडत्वीय धरा.

एक इशारा. ही अंताक्षरीची बेरीज प्रकाशाच्या वेगाजवळ चालत नाही. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर हा प्रकाशाचा वेग सगळ्या जडत्वीय चौकटींत तोच राहतो, आणि १९०५ मध्ये आइनस्टाइननं त्यासाठी बेरजेचा वेगळा नियम दिला. लोकल आणि ट्रकच्या वेगाला पडणारा फरक इतका सूक्ष्म आहे की त्याची चिंता करू नका.

आता हे स्वतः करा, वही घेऊन. सरकत्या जिन्यावर नुसते उभे राहिलात तर वर जायला ६० सेकंद लागतात. जिना बंद असताना चालत गेलात तर ९०. चालू जिन्यावर चालत गेलात तर किती? जोडनावं लिहा, मी-जमीन = मी-जिना + जिना-जमीन, आणि जिन्याची लांबी १८० धरा म्हणजे अपूर्णांक येणार नाहीत. उत्तर ३६ सेकंद.

मग त्याच चालीनं, वर जाणाऱ्याच जिन्यावरून खाली यायचा प्रयत्न करून बघा, अर्थात वहीत. वर जाण्याची दिशा धन धरली तर येतं +१. म्हणजे तुम्ही खाली पावलं टाकताय आणि सेकंदाला एक एककानं वर चढताय.